साडूंचा टर्बो

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नुसती केलेली नाही. प्रत्येक गोष्टीची त्यांनी आधी तयारी केली आहे, आणि पुष्कळदा ती तयारी इतकी सुरेख झाली आहे की मूळ गोष्ट करायची राहूनच गेली आहे. तुम्हाआम्हाला तहान लागली की आपण पाणी पितो. साडू आधी माठात डोकावतात, पेला झटकतात, उजेडाकडे धरून त्याचा तळ न्याहाळतात, मग बसून प्यावं की उभ्यानं याचा विचार करतात, आणि तोवर घरातलं दुसरं कोणी तरी तो पेला घेऊन पाणी पिऊन गेलेलं असतं. लग्नाआधी मुलगी पाहायला निघाले तेव्हा सासरे काय काय विचारतील याची त्यांनी आठवडाभर उजळणी केली होती. मिरचीचा भाव, घराण्याचं मूळ गाव, गायत्री मंत्र, सगळं तोंडपाठ. सासऱ्यांनी पहिलाच प्रश्न केला, "नाव काय तुमचं?" एवढ्या एका प्रश्नाची तयारी झालेली नव्हती. साडूंनी शेजारी बसलेल्या आपल्या काकांकडे पाहिलं. ताई आतून हे सगळं ऐकत होती. "याले कोनी तरी सांभाळनं पडी," असं म्हणून तिनं होकार दिला, हे ती आजही पाहुण्यारावळ्यांत सांगते आणि साडू मान खाली घालून हसतात.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मी शहाद्याला औषधांचं दुकान चालवतो, आणि साडूंचा नंदुरबारला मिरचीचा व्यापार आहे. मिरचीचा व्यापार म्हणजे काय हे ज्यानं हंगामात ते गाव पाहिलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. गावाबाहेर मैलभर लांबीच्या, वाळत घातलेल्या मिरचीच्या लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात, बाया सुपानं आणि फावड्यानं मिरची वरखाली करत असतात, आणि ते तिखट पीठ वाऱ्यावर चढून साऱ्या गावाच्या नाकात शिरतं. साडूंचं घर पथारीला लागूनच. त्या घरात पाहुण्याचं स्वागत 'या बसा'नं होत नाही, शिंकेनं होतं. ताई लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा पदर जो नाकाला लागला तो लागलाच. मी तिला सर्दीच्या इतक्या गोळ्या दिल्या असतील की मला लाज वाटते.

साडूंच्या आयुष्यात मिरचीखालोखाल महत्त्वाची वस्तू म्हणजे त्यांची पांढरी पेट्रोल गाडी. गाडी जुनी, अंगानं लहान आणि स्वभावानं गरीब. सपाटीवर ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दर महाशिवरात्रीला घरचे सगळे तोरणमाळला जातात, आणि तोरणमाळच्या घाटात कोपरातून हात मुडपावा तसं एक वळण आहे. त्या वळणावर गाडी हमखास बसायची. मग साडू ब्रेकवर पाय दाबून ओरडायचे, "उतर वं, उतर!" आणि ताई उतरून बाभळीचा एक ठोकळा मागच्या चाकामागं लावायची. हा ठोकळा इतर बाया पर्स धरतात तसा ती नंदुरबारपासून मांडीवर धरून बसलेली असायची. मग इंजिन थंड होईस्तोवर सगळे तिथं थांबायचे, आणि पुढची चढण ताई पायी चढायची, कारण तिला घेऊन गाडी हलायची नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग एका वर्षी साडूंच्या चुलतभावानं नवी मोठी गाडी घेतली. उंचीला आमच्या शहाद्याच्या एसटीएवढी. त्या महाशिवरात्रीला आमची गाडी वळणावर बसली, ताईनं ठोकळा लावला, आणि मागून हा चुलतभाऊ आला. त्यानं काच खाली केली, दार उघडलं आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनी, बठा मन्ही गाडीमा! दादानी गाडी येई आठ दिसमा!" ताईचे गुडघे त्या वर्षी फार दुखत होते. ती क्षणभर थांबली आणि त्या गाडीत जाऊन बसली. आम्ही वर पोचलो तेव्हा ती तलावाच्या काठाला बसून उसाचा रस पीत होती. परतीच्या वाटेवर ताईनं विषय काढला. रागावून नव्हे, सरळ सांगावं तसं म्हणाली, "दखा, मन्हा गुडघा आते चालतस नहीत. पुढला टाइमले तठे उतरनं पडनं, तं मी तोरणमाळले येणार नही." साडूंनी गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "आते तुले तठे उतरनं पडाव नही. मन्हा शब्द शे."

नवी गाडी घ्या, असं मी सुचवून पाहिलं. साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ताई बदला म्हणालो होतो. पुढच्या महिन्यात ते सुरतेच्या भंगार बाजारातून एक वस्तू टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. शंखाच्या आकाराची, ओशट, जड. "टर्बो शे," म्हणाले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातली एक चकती फिरते, ती दुसरी चकती फिरवते, आणि ती बाहेरची हवा इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मला वाटलं, रविवारी बसवतील आणि सोमवारी घाट चढतील. साडू हसले. "भाऊ, तू औषधं इकस ना? आजारी माणूसले पैलवाननं जेवण चारं तं काय व्हई? हगवण लागी, दुसरं काय! पहिले इंजनले पैलवान करनं पडी." आणि इथून त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात थोर तयारी सुरू झाली. टर्बो टॉवेलासकट ताईच्या साड्यांच्या कपाटात गेला. तिथं तो दोन वर्षं राहिला. खंडेनवमीला ताई त्याला बाहेर काढायची, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायची आणि परत पैठणीशेजारी ठेवायची. त्या काळात ती लग्नकार्याला आली की अत्तराच्या जोडीनं मशीनच्या तेलाचा वास यायचा.

या कामात साडूंना जोडीदार मिळाला तो उस्ताद. उस्तादांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नंदुरबारचं, लेथ आणि वेल्डिंगचं दुकान. आपल्या आजोबांनी भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेचं बंद पडलेलं इंजिन एका कानशीवर चालू करून दिलं होतं, असं ते सांगतात, आणि दर वेळी ती कानस थोडी लहान होते. साडू तयारीशिवाय काही करत नाहीत आणि उस्ताद केल्याशिवाय विचार करत नाहीत. टर्बो ज्याच्यावर बसणार तो धुराचा नळ उस्तादांनी माप न घेताच एका दुपारी वेल्डिंग करून टाकला. लावून पाहिला तर टर्बो बरोबर बॅटरीच्या जागी येत होता. "मंग बॅटरी दुसरीकडे लावा!" उस्ताद म्हणाले. साडूंनी चहा मागवला, पुठ्ठ्याचा टर्बो केला, पुठ्ठ्याची बॅटरी केली, आणि पंधरा दिवस दोन्ही बॉनेटखाली इकडून तिकडे ठेवून पाहिली. उस्तादांनी कपाळावर हात मारला. "दादा, तुम्हना हिसाबमा तं लगीनना आदी पोऱ्यानं बारसं करनं पडी!" हे दोघं रोज भांडत आणि रोज एकाच ताटात भजी खात. तो नळ अखेर तीनदा झाला, आणि तिसऱ्यांदा झाला तो असा देखणा की उस्तादांनी तो दुकानात टांगून आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवला.

माझ्या दुकानातून त्या इंजिनासाठी काय काय गेलं याची यादी सरकारी दवाखान्याला लाजवील. आधी स्टेथोस्कोप गेला. साडू तो गळ्यात अडकवून बॉनेटमध्ये वाकत आणि डोळे मिटून ऐकत. इंजिन ऐकून झालं की फ्रिज ऐकत, मिक्सर ऐकत, एकदा झोपलेल्या माझ्या छातीवर लावून म्हणाले, "भाऊ, तुन्हा आवाज इंजनपेक्षा खराब शे." मग मोठी सिरिंज गेली. इंजिनाचं डोकं उघडून, म्हणजे हेड काढून, ते टेबलावर उलटं ठेवलं होतं. त्यात चार खळगे. चारी खळग्यांत सारखंच तेल मावलं पाहिजे, नाही तर एकात दाब जास्त होणार आणि टर्बोची हवा आली की तेच आधी फुटणार. साडू श्वास रोखून सिरिंजेनं थेंब थेंब सोडत होते आणि मी शेजारी उजेड धरून उभा होतो. तिसऱ्या खळग्यात थेंबभर कमी मावलं. थेंबभर! मी म्हणालो, चालेल. साडूंनी मला घरी पाठवून दिलं आणि आठ दिवस पॉलिश कागद घेऊन तो खळगा घासत बसले.

दाब थोडा उतरावा म्हणून हेडखाली जाड गॅस्केट घातलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. पेट्रोल जास्त लागणार म्हणून मोठा पंप. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी, आणि ते तेल परत खाली उतरवणारी जाड नळी. ही परतीची नळी कुठंही वर चढता कामा नये, उतरतीच हवी, म्हणून साडूंनी तिच्यातून आधी पाणी सोडलं, मग तेल, मग ताईनं केलेला गुळाचा पाक. "पाक उतरना तं तेल उतरीच," हा त्यांचा सिद्धांत. पाक उतरला. कोंबलेली हवा तापते, तिला गार करायला पुढच्या जाळीमागं एक चपटा रेडिएटर बसला. क्लच बदलला. ब्रेक बदलले. "चढनारा गाडीले उतरता बी उनं पाहिजे," साडू म्हणाले, आणि मला ते पटलं. दरम्यान दोन महाशिवरात्री गेल्या. ताई घरीच राहिली. चुलतभाऊ दोन्ही वेळा दारात गाडी थांबवून हॉर्न वाजवून गेला. ताई खिडकीशी उभी राहून बघत होती आणि साडू गाडीखाली आडवे होऊन बघत नव्हते.

अखेर सगळं बसलं. सुरतेहून एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि त्यानं गाडीच्या मेंदूत पेट्रोलचं नवं गणित भरलं. आता फक्त किल्ली फिरवायची होती. पण साडूंना शंका आली की एअर फिल्टरवर धूळ असेल. तो त्यांनी काढला, धुतला, आणि पुन्हा धुवावा असं वाटून पुन्हा धुतला. मग तो भिंतीवर उन्हात ठेवून ते आत नारळ शोधायला गेले. बाहेर उभ्या असलेल्या उस्तादांच्या अंगात संयम नावाला नव्हता. त्यांनी किल्ली फिरवली आणि पाय दिला. टर्बोनं पहिली शीळ घातली. काय तिचा आवाज! आणि बरोबर त्याच घडीला वीस हातांवर बाया पथारीवरची मिरची उलटत होत्या. उघड्या तोंडाचा तो टर्बो आयुष्यात पहिल्यांदा श्वास घेत होता. त्यानं समोरचं सारं लाल पीठ पोटात ओढलं, इंजिनानं ते जाळलं, आणि मागच्या नळातून जो धूर आला त्यानं पथारीवरच्या बाया सुपं टाकून पळाल्या, मी पाण्याच्या टाकीत तोंड घातलं, आणि उस्ताद डोळे चोळत ओरडत राहिले, "दादा, चालू व्हई गयं! चालू व्हई गयं!" नारळ घेऊन बाहेर आलेले साडू दारातच खोकत खाली बसले. तेवढ्यात ताई आली. त्या घरात एकटी तीच न खोकता उभी होती, तिला सवय. दृष्ट काढताना मिरच्या जाळतात आणि ठसका लागला नाही तर नजर लागलेली होती असं समजतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. ताईनं सगळ्यांचे नाकडोळे पाहून घेतले आणि निकाल दिला, "एवढा ठसका लागना, म्हंजे गाडीले कोन्हीच नजर नही व्हती. जो काय दोष शे तो गाडीमाच शे."

इंजिन पुन्हा उघडावं लागलं. दुसरा कोणी रडला असता. साडूंचा चेहरा उजळला. पुन्हा तयारी करायला मिळणार होती! हेड निघालं, धुतलं गेलं, तेल बदललं, सिरिंज परत आली. एवढं मिरचीचं पीठ खाऊनही आत कुठं ओरखडा नव्हता. "नंदुरबारनं इंजन शे," उस्ताद म्हणाले. "तिखट पची जास."

आणि महाशिवरात्र आली. साडूंनी शहाद्याला येऊन आम्हा नवराबायकोला मागं घेतलं. ताई पुढं, मांडीवर ठोकळा. "तो घरी ठेव," साडू म्हणाले होते. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली होती, आणि त्या शब्दानं साडूंचं तोंड उतरलेलं मी आरशात पाहत होतो. घाट सुरू झाला. शीळ सुरू झाली. ते वळण आलं, आणि पाहतो तर चुलतभाऊ आधीच तिथं गाडी लावून उभा. दोन-चार नातेवाईक मोबाईल उगारून तयार, आणि ताईसाठी मागचं दार उघडून धरलेलं. साडूंनी गिअर खाली घेतला. माझ्या बायकोनं माझा हात असा धरला की नखं रुतली. गाडी एकदा थरथरली, आणि मग शीळ चढत चढत गेली, आणि ती पांढरी गरीब गाडी अशी काही उसळली की माझं डोकं मागं आपटलं. दार धरून उभा असलेला चुलतभाऊ, मोबाईल, नातेवाईक, सगळं खिडकीतून मागं गेलं. "गयी!" साडू ओरडले. "गयी वं, गयी!" आम्ही सगळेच ओरडलो. मी तर माझ्या वयाला न शोभेल अशी शिट्टी मारली. पुढची सगळी वळणं गाडीनं हसत घेतली. वर पोचलो. तलाव आला, तलाव गेला. देऊळ आलं, देऊळ गेलं. साडू थांबेनात. रस्ता संपला तेव्हा कुठं त्यांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे वळून अगदी खरोखर विचारलं, "भाऊ, आते काय करनं?" जिंकल्यावर काय करायचं, याची तयारी तेवढी राहून गेली होती.

त्या दिवशी साडूंनी जत्रेतल्या ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्यांना उसाचा रस पाजला. चुलतभावानं येऊन पाठ थोपटली आणि बॉनेट उघडायला लावलं. ताई खूश होती. तिनं साडूंच्या कपाळाला कुंकू लावलं, गाडीच्याही लावलं. पण येताना ते वळण मागं पडलं तरी ती मान वळवून तिकडेच बघत होती. माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "काही नही वं. तठे वळणवर घडीभर बठाले भेटे. वारा ये. नाकमा मिरची नही, काही नही. सालभरमा तेवढाच एक श्वास मन्हा सोताना व्हता." साडू गाडी चालवत होते. शीळ मोठी होती. त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटलं नाही.

यंदा पुन्हा गेलो. घाट, शीळ, सगळं तसंच. इंजिन तर आता मुरलंय. वळण आलं आणि साडूंनी गाडी थांबवली. मी मागून वाकून पाहिलं, तापमानाची सुई मधोमध, शहाण्यासारखी उभी. "गरम व्हई गयी," साडू कुणाकडेही न बघता म्हणाले आणि उतरून बॉनेट उघडून उभे राहिले. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग सावकाश उतरली, मांडीवरचा ठोकळा चाकामागं लावला, आणि कठड्यावर जाऊन बसली. खाली सगळा मुलूख उन्हात पसरला होता. तिनं पदर नाकावरून काढला.

मागून चुलतभाऊ आला. काच खाली. "काय दादा, टर्बो थकी गया का?" त्याच्या गाडीत सगळे हसले.

ज्या शब्दासाठी या माणसानं दोन वर्षं घासून घासून हात सोलून घेतले होते, तो त्यानं किती सहज खाली ठेवला! "हां रे भाऊ," साडू म्हणाले. "गरम व्हई गयी. तू चाल फुढे."

हसू वर निघून गेलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "दादा, सुई तर मधेच आहे."

"धाकला साडू शे ना तू?" ते म्हणाले. "मंग गप ऱ्हाय."

मी नाक पुसलं, आणि तिथं मिरची तर नव्हतीच. साडूंनी खांद्यावरचा टॉवेल काढला. ताईनं वळून पाहिलंच तर खोटं दिसू नये म्हणून ते त्या न तापलेल्या इंजिनाला वारा घालू लागले, आणि ती आपणहून उठेपर्यंत घालत राहिले.